खिशातल्या कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल: भरण्यापासून धुण्यापर्यंत

खिशात मावणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यात आपल्या हाती फारसं काही नसतं. भिंग एकच, तेही न बदलता येणारं. शटरचा वेग बहुतेकदा १/५०० सेकंदाच्या पुढे जात नाही. प्रकाश किती घ्यायचा हे एक तर कॅमेरा परस्पर ठरवतो, नाही तर आपण अंदाजाने. अशा वेळी एक्स्पोजर थोडं इकडेतिकडे होणारच आणि ते सांभाळून घेण्याचं काम फिल्मवर आणि ती धुण्याच्या, म्हणजे रसायनांत प्रतिमा उमटवण्याच्या, पद्धतीवर येतं. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश भरपूर सहन करते, कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. सावलीतला जो तपशील फिल्मवर उमटलाच नाही, तो नंतर कोणतंही रसायन वापरून आणता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: ४०० ची फिल्म घ्या (हा आकडा, म्हणजे आयएसओ, फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगतो), कॅमेऱ्यावर आयएसओ २०० ठेवा, म्हणजे तिला दुप्पट प्रकाश मिळेल, आणि धुण्याची वेळ साधारण १५ टक्के कमी करा. पाच-सहा रोल होईपर्यंत फिल्म, डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) आणि धुण्याची टाकी हलवण्याची पद्धत यातलं काहीही बदलू नका. दर वेळी एक नवी फिल्म आणि एक नवं रसायन आजमावणाऱ्याला निगेटिव्ह बिघडली तर दोष कुठला हे कळायला मार्गच उरत नाही.

कॅमेरा हातात घेतल्यावर

इथे मी ३५ मिमी फिल्म वापरणारे छोटे कॅमेरे धरून चाललो आहे. त्यांची निगेटिव्ह भिंगं बदलता येणाऱ्या मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यांइतकीच, म्हणजे २४ बाय ३६ मिमीची असते. त्यामुळे आकार लहान म्हणून चित्र कमी दर्जाचं, असं काही नाही. १९६६ साली आलेला रोलाय ३५ पूर्णपणे यांत्रिक आहे. त्याला बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकासाठी. १९७९ चा ऑलिंपस एक्सए हा योशिहिसा मैतानी यांनी घडवलेला सरकत्या झाकणाचा कॅमेरा. त्याला रेंजफाइंडर (अंतर जुळवून पाहायची सोय) आहे आणि छिद्र (भिंगातून प्रकाश आत येण्याची वाट) तुम्ही ठरवलं की शटर तो ठरवतो. पुढच्याच वर्षी आलेल्या एक्सए २ मध्ये रेंजफाइंडर गेला आणि जवळ, मध्यम, दूर अशा तीन खुणा आल्या. १९९७ चा ऑलिंपस म्यू-२ सगळंच स्वतः करतो. नवशिक्याला मी एक्सए २ किंवा तसाच आयएसओ हाताने लावता येणारा कॅमेरा सुचवेन. ती एक सोय असली की वर दिलेला सल्ला पाळता येतो.

जुना कॅमेरा घेतल्यावर रोल भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. मागचं झाकण उघडून कडांना लावलेला काळा स्पंज बोटाने दाबा. बोटाला डांबरासारखा चिकट काळा थर लागला तर तो स्पंज संपलेला आहे आणि तिथून प्रकाश आत शिरणार. जुना थर स्पिरिटने काढून नवी पट्टी लावायला तासभर पुरतो. मग भिंगाकडून खिडकीचा उजेड येईल असा कॅमेरा धरून मागून पाहत खटका दाबा, पडदा खरोखर उघडतो का ते दिसेल. आपोआप एक्स्पोजर ठरवणारा कॅमेरा असेल तर उजेडात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात शटर उघडं राहण्याच्या वेळेत फरक ऐकू यायला हवा.

तिसरी गोष्ट बॅटरी. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल आता बनत नाहीत. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मापक बरेचदा चुकतं आणि सेल उतरत जाईल तसं आणखी चुकतं. झिंक-एअर सेलचा व्होल्टेज जवळपास तेवढाच असतो, तो चालतो. एक्सएला १.५५ व्होल्टचे दोन एसआर४४ सेल लागतात आणि ते नसतील तर त्याचं शटर उघडतच नाही. जोडीला दोन जादा सेल ठेवा.

रोलायवाल्यांसाठी एक सूचना. त्याचं भिंग रोल पुढे सरकवून शटर ताणल्याशिवाय आत जात नाही. जोर लावू नका, आधी लिव्हर फिरवा.

खिशाचा एक खास त्रास म्हणजे कापडाचे धागे. खिशातली लव भिंगाच्या फटीतून किंवा रोल बदलताना आत जाते आणि फिल्मच्या चौकटीच्या कडेला अडकते. तेवढ्या भागात फिल्मवर प्रकाश पडत नाही, म्हणून छापील चित्रात तिथे काळा केस आल्यासारखा दिसतो आणि तो त्याच जागी प्रत्येक चित्रात दिसतो. दर रोलला फुंकणीने आतली चौकट साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात.

फिल्म

इलफर्ड एचपी५ प्लस आणि कोडॅक ट्राय-एक्स या दोन्ही ४०० च्या फिल्म चुका पोटात घालण्यात तरबेज आहेत. केंटमिअर ४०० त्याहून स्वस्तात तेच काम बऱ्यापैकी करते. फोमापॅन ४०० च्या पेटीवर ४०० लिहिलेलं असलं तरी सावल्या भरायला तिला २०० च लावलेलं बरं. १०० किंवा १२५ ची फिल्म चित्रातला कण (ग्रेन) बारीक देते हे खरं. पण सावलीत किंवा घरात शिरलात की शटर १/३० वर येतं आणि हलका कॅमेरा हातात हलतो. हललेल्या चित्रापेक्षा थोडा कण मला केव्हाही चालतो.

इलफर्ड एक्सपी२ सुपर या फिल्मबद्दल सावध राहा. ती कृष्णधवल असली तरी रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेसाठी बनवलेली आहे. इथे दिलेली कृती तिच्यासाठी नाही.

ऐंशीच्या दशकापासूनचे बरेच कॅमेरे रोलच्या डबीवरचा डीएक्स कोड वाचून आयएसओ स्वतःच लावतात. कोडॅकने हा कोड १९८३ साली आणला. अशा कॅमेऱ्याला २०० लावायला सांगायचं तर डबीवर २०० चा डीएक्स स्टिकर चिकटवावा लागतो. ते जमत नसेल तर फिल्म ४०० लाच वापरा आणि धुण्याची वेळही पूर्ण द्या, काही बिघडत नाही. फक्त कोड नसलेली डबी अशा कॅमेऱ्यात घालू नका. बहुतेक कॅमेरे कोड दिसला नाही तर १०० धरून चालतात, काही त्याहूनही कमी.

रोल भरणं

सावलीत भरा. फिल्मची जीभ, म्हणजे डबीबाहेर आलेलं टोक, गुंडाळणाऱ्या चाकाच्या खाचेत घालून लिव्हर फिरवा, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसली की झाकण लावा. आता रोल परत गुंडाळायची छोटी दांडी हलक्या हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून डबीतली ढील काढून घ्या. यापुढे लिव्हर फिरवताना ती दांडी उलटी फिरताना दिसली पाहिजे. ती फिरत नसेल तर रोल पुढे जातच नाही आणि छत्तीस चित्रं टिपूनही फिल्म कोरी राहील. आकडा पुढे सरकतोय यावर विश्वास ठेवू नका, पुष्कळ कॅमेऱ्यांत तो फिल्मशिवायही सरकतो.

मोटर असलेल्या कॅमेऱ्यात जीभ लाल खुणेपर्यंत ओढून झाकण लावलं की झालं. काही मोटरवाले कॅमेरे सुरुवातीलाच सगळी फिल्म बाहेर काढून ठेवतात आणि एकेक चित्र टिपून डबीत परत ओढतात. त्यात मध्येच झाकण उघडलं गेलं तरी टिपलेली चित्रं डबीत सुरक्षित असतात.

प्रकाश

प्रकाशमापक असो वा नसो, हा अंदाज तोंडपाठ असू द्या (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). आयएसओ २०० आणि शटर १/२५० धरलं तर लख्ख उन्हात एफ १६, उन्हावर पातळ ढग आले तर एफ ११, सावल्या पडेनाशा झाल्या तर एफ ८, गच्च ढग असतील तर एफ ५.६ आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत एफ ४. खोलीत खिडकीजवळ बसलेल्या माणसाला साधारण १/३० ला एफ २.८ लागतं. दोन अंदाजांमध्ये मन अडकलं तर जादा प्रकाशाचा घ्या.

छोट्या कॅमेऱ्याचा मापक समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढतो. चौकटीत अर्धं आकाश असेल तर तो फसतो आणि माणसाचा चेहरा काळा पडतो. एक्सएच्या तळाशी एक छोटी दांडी आहे, ती +१.५ वर ओढली की दीड स्टॉप जादा प्रकाश मिळतो (एक स्टॉप जादा म्हणजे दुप्पट प्रकाश). पाठीमागून उजेड असलेल्या प्रत्येक चित्राला ती वापरा. म्यू-२ मध्ये फ्लॅश आणि टायमरची बटणं एकदम दाबली की तो फक्त मध्यबिंदूचा प्रकाश मोजतो. यातलं काहीच नसेल तर आयएसओची तबकडी तेवढ्यापुरती २०० वरून १०० वर न्या. परत आणायची आठवण मात्र ठेवा.

पिवळा फिल्टर लावला की निळं आकाश थोडं गडद होतं आणि ढग उठून दिसतात. त्याला एक स्टॉप जादा प्रकाश द्यावा लागतो. ज्या कॅमेऱ्यात मापकाचा डोळा भिंगाच्या कड्यातच, फिल्टरच्या मागे येतो, त्याचा हिशेब आपोआप होतो. बाकीच्यांत आयएसओ निम्मा करा. सरकत्या झाकणाच्या कॅमेऱ्यांना फिल्टर लावायला जागाच नसते. तिथे सूर्य पाठीशी किंवा बाजूला घेऊन आकाश टिपणं हाच उपाय.

आपोआप फ्लॅश मारणाऱ्या कॅमेऱ्यात तो बंद करण्याची सवय लावून घ्या. म्यू-२ झाकण लावून पुन्हा उघडला की फ्लॅश परत आपोआपवर जातो, त्यामुळे हे बटण दर वेळी दाबावं लागतं.

अंतर

अंतर हाताने लावायच्या कॅमेऱ्यांबद्दल लोकांना उगाच धास्ती वाटते. ३५ मिमी भिंगावर एफ ८ ठेवून अंतर ५ मीटर लावलं तर सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. एफ ११ ला अंतर पावणेचार मीटर लावलं तर जवळची मर्यादा दोन मीटरच्या आत येते. दिवसा बाहेर हिंडताना असं लावून ठेवलं की टिपताना अंतराकडे पाहायची गरजच नाही. खिशातून काढला, चौकट पाहिली, खटका दाबला.

जवळच्या माणसाचं चित्र ही वेगळी गोष्ट. दीड मीटरवर एफ ८ असेल तर साधारण १.१५ ते २.१ मीटरपर्यंतचं सुस्पष्ट येतं. तेच एफ २.८ ला जेमतेम तीस सेंटिमीटर उरतं. तिथे अंदाज पक्का हवा. दोन्ही हात आडवे पसरले की बोटांच्या टोकांमधलं अंतर जवळपास आपल्या उंचीएवढं असतं. ती लांबी डोळ्यांत बसवा आणि रिकाम्या कॅमेऱ्याने घरात अंदाज करून टेपने मोजत जा.

एक्सए २ चं झाकण लावलं की त्याची खूण मध्यम अंतरावर परत येते. ऑटोफोकस कॅमेरा मध्यबिंदूवर फोकस करतो. दोन माणसं शेजारी उभी असतील तर तो त्यांच्या मधून मागची भिंत पकडतो. एका चेहऱ्यावर मध्यबिंदू आणून खटका अर्धा दाबून धरा, मग चौकट सरकवा.

रोल संपला की हाताने गुंडाळताना शेवटी ताण सुटल्याचं बोटांना जाणवतं. तिथेच थांबलात तर जीभ डबीबाहेर राहते आणि धुताना सोय होते. पण जिभेला लगेच एक घडी घाला, नाही तर नवा रोल समजून तोच परत भरला जाईल. डबीवर पेनने किती आयएसओने टिपला ते लिहा. लवकर धुवा. टिपलेली फिल्म महिनोन् महिने उकाड्यात पडून राहिली तर प्रतिमा फिकी होत जाते.

धुण्याचं सामान

अंधारखोली लागत नाही. लागते ती झाकण लावल्यावर उजेडात वापरता येणारी टाकी, तिच्यातलं रीळ आणि हात घालायला बाह्या असलेली काळी पिशवी. शिवाय थर्मामीटर, मोजपात्रं, घड्याळ, कात्री, बाटलीचं टोपण उघडायचा ओपनर, दोन क्लिपा आणि हातमोजे. ही भांडी स्वयंपाकात पुन्हा वापरू नका. मेटॉल असलेल्या डेव्हलपरने काहींच्या हातांना पुरळ उठतं, म्हणून मोजे घालाच.

रसायनं चार. डेव्हलपर म्हणून मी इलफर्ड आयडी-११ सुचवतो. कोडॅक डी-७६ त्याचाच जुळा म्हणावा इतका जवळचा. डी-७६ चं सूत्र १९२७ सालचं आणि ते अजून चालतंय. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स, एवढंच त्यात असतं. भुकटीची पाकिटं कोमट पाण्यात क्रमाने विरघळवून घट्ट द्रावण करायचं आणि ते काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवायचं. असं ते सहा महिने टिकतं, अर्धी रिकामी बाटली असेल तर महिनाभरच. वापरताना त्यात तेवढंच पाणी घालायचं आणि एकदा वापरून फेकायचं. एका रोलला ३०० मिली लागतं, म्हणजे १५० द्रावण आणि १५० पाणी. महिन्याला एखादाच रोल धुणाऱ्याने मात्र रोडिनाल घ्यावं. १८९१ पासूनचं हे द्रव रसायन उघड्या बाटलीतही वर्षानुवर्षं टिकतं. कण जरा ठळक येतो.

बाकी तीन म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा रॅपिड फिक्सर आणि वाळताना पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालायचा वेटिंग एजंट.

अंधारात रीळ भरणं

पहिल्या रोलआधी एक वाया गेलेली फिल्म घेऊन आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग पिशवीत असा सराव करा. ज्यांचा पहिला रोल फसतो त्यांचा बहुधा इथेच फसतो, रसायनांत नाही.

जीभ बाहेर असेल तर उजेडातच ती सरळ कापा आणि दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल करा. टोकदार कोपरा प्लॅस्टिकच्या रिळात अडतो. जीभ आत गेली असेल तर डबीचं सपाट टोक पिशवीत ओपनरने उघडून गुंडाळी बाहेर काढा. पिशवीत टाकी, मधला दांडा, रीळ, झाकण आणि कात्री आहे ना, हे मोजून मगच दोन्ही चेन लावा.

रीळ कोरडं ठणठणीत हवं. पिशवीत हातांना घाम येतो, हवा दमट होते आणि ओलसर फिल्म चाकोरीत चिकटते. हातमोजे इथे घालू नका, बोटांना सगळं जाणवलं पाहिजे. फिल्मचं टोक रिळाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या गोळ्यांच्या पुढे दोन बोटं ढकला, मग दोन्ही बाजू आळीपाळीने मागेपुढे फिरवत जा. फिल्म आपणहून आत ओढली जाते. अडली तर जोर करू नका. रिळाची कड हलकेच टेबलावर आपटा, तरीही हलली नाही तर बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा. जबरदस्तीने मुडपलेल्या फिल्मवर नखाच्या आकाराच्या काळ्या चंद्रकोरी उमटतात. छत्तीसचा रोल जवळपास १.६ मीटर असतो. शेवटी तो डबीतल्या दांड्याला चिकटवलेला असतो, तिथे कापा.

रीळ दांड्यावर घाला, दांडा टाकीत ठेवा, झाकण फिरवून घट्ट करा. दांडा राहून गेला तर टाकीत प्रकाश शिरतो आणि झाकण लावलेलं असूनही रोल काळा होतो.

धुणं

सगळी द्रावणं २० अंश सेल्सिअसला आणा. पाणी त्याहून गरम असेल तर बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवा, बर्फ द्रावणात टाकू नका. २० ला आणणं जमतच नसेल तर वेळ कमी करा. २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तिथे २३ अंशांना ३ लागतात, या प्रमाणात.

४०० ला टिपलेली एचपी५ प्लस निम्म्या पाण्यातल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना १३ मिनिटं धुवायची असते. आपण २०० ला टिपली आहे, म्हणून ११ मिनिटं. हीच ११ मिनिटं २३ अंशांना सव्वाआठ होतात. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळेत धुणं टाळा, फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही.

डेव्हलपर एका दमात ओता, घड्याळ सुरू करा, टोपण लावा आणि पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी करा. मग तळ टेबलावर दोनदा आपटा, म्हणजे फिल्मवर अडकलेले बुडबुडे सुटतात. ते राहिले तर तिथे गोल पांढुरके ठिपके पडतात. पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटीसुलटी, मग टाकी टेकवून ठेवा. दर वेळी थोडी फिरवून धरा. कॉकटेल ढवळल्यासारखी जोरात हलवलीत तर भोकांच्या शेजारी गडद पट्टे येतात, हलवायला विसरलात तर धुलाई असमान होते. दर रोलला तंतोतंत तेच करा.

वेळ संपायला दहा सेकंद असताना ओतायला लागा. स्टॉप बाथ ओतून अर्धा मिनिट हलवा, काढा. रॅपिड फिक्सर एकास चार पाणी या प्रमाणात घालून पाच मिनिटं, डेव्हलपरसारखंच हलवत ठेवा. फिक्सर पुन्हा वापरता येतो. तो चालतोय का हे पाहण्यासाठी कापलेल्या जिभेचा तुकडा त्यात उजेडात टाका. तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या निदान दुप्पट वेळ फिल्म फिक्सरमध्ये ठेवायची. ताज्या द्रावणात लागला त्याच्या दुप्पट वेळ त्या तुकड्याला लागू लागला की फिक्सर बदला. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो ओढ्या-विहिरीच्या आसपास ओतू नका, घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

फिक्सर झाल्यावर झाकण उघडायला हरकत नाही. पाण्याने धुण्याची इलफर्डची पद्धत पाणी वाचवते. टाकी त्याच तापमानाच्या पाण्याने भरून ५ वेळा उलटीसुलटी करा, पाणी बदला, मग १० वेळा, पुन्हा बदला, मग २० वेळा. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे मोजके थेंब, लिटरला ५ मिली या हिशेबाने, आणि त्यात मिनिटभर. जास्त घातलं की फेसाचे डाग राहतात.

न्हाणीघर ही वाळवायची उत्तम जागा. आधी गरम पाणी सोडून वाफ करा, म्हणजे उडती धूळ खाली बसते. वरच्या क्लिपेला फिल्म टांगा, खालच्या क्लिपेने वजन द्या, दार लावून घ्या आणि दोन-तीन तास तिकडे फिरकू नका. ओली फिल्म पुसायचा मोह आवरा. ओला जिलेटिनचा थर फार मऊ असतो, धुळीचा एक कण अडकला तरी बोटांनी पुसताना रोलभर रेघ ओढली जाते. वाळल्यावर सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापून पाकिटात घाला.

निगेटिव्ह वाचणं

पट्टी छापील मजकुराच्या कागदावर ठेवा. निगेटिव्हमधल्या सर्वांत गडद भागातून, म्हणजे दृश्यातल्या सर्वांत उजळ भागातून, खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसत नसतील तर पुढचा रोल एक मिनिट कमी धुवा. सगळंच सहज वाचता येत असेल तर एक मिनिट वाढवा. आता सर्वांत पारदर्शक भाग पाहा, तो दृश्यातल्या सावल्यांचा. तिथे काहीच तपशील नसेल तर प्रकाश कमी पडला आहे. त्याला धुण्याची वेळ वाढवून उपयोग नाही, आयएसओ आणखी खाली आणावा लागेल.

फिल्म पूर्ण पारदर्शक आली, पण कडेचे आकडे आणि अक्षरं ठळक आहेत? धुणं बरोबर झालं, फिल्मवर प्रकाशच पडला नाही. रोल सरकला नसेल किंवा शटर उघडत नसेल. कडेचे आकडेही नाहीत? मग डेव्हलपर मेलेला आहे, नाही तर फिक्सर आधी ओतला गेला. दुधट किंवा धुरकट आली तर फिक्सर कमी पडला, उजेडातच पुन्हा पाच मिनिटं फिक्सरमध्ये टाका आणि पाण्याने नव्याने धुवा. वाळलेल्या फिल्मवर फिकट जांभळी झाक राहिली तर घाबरू नका, तो रंगद्रव्याचा अंश आहे. कडेपासून चित्रात शिरणारे गडद पट्टे दर दोन-तीन चित्रांनी येत असतील तर मागच्या झाकणाचा स्पंज तपासा.

रात्री

२०० चा नियम अंधारात मोडावा लागतो. कॅमेऱ्यावर ८०० लावा, एचपी५ प्लस पाणी न घातलेल्या आयडी-११ मध्ये साडेदहा मिनिटं धुवा. १६०० लावता आलं तर १४ मिनिटं. सावल्या कोळशासारख्या होतील, दिवे आणि चेहरे राहतील. मात्र पूर्ण रोल त्याच आयएसओने टिपा, अर्ध्या रोलची वेगळी धुलाई होत नाही.

११० चे कॅमेरे

कोडॅकने १९७२ साली आणलेल्या पॉकेट इन्स्टामॅटिकची ११० ची कार्ट्रिज अजून पुष्कळ घरांतल्या कपाटांत सापडते. तिची फिल्म १६ मिमी रुंद आणि चित्र जेमतेम १३ बाय १७ मिमी. लोमोग्राफीची ऑर्का ही १०० ची कृष्णधवल फिल्म या आकारात मिळते. बऱ्याच साध्या ११० कॅमेऱ्यांत छिद्र आणि शटर कायमचं ठरलेलं असतं, म्हणून लख्ख उन्हात टिपा आणि सावलीची अपेक्षा ठेवू नका. धुताना कार्ट्रिज पिशवीत हाताने मोडून आतली फिल्म काढावी लागते. पाठचा कागद तिच्याबरोबर गुंडाळलेला असतो, तो अंधारातच वेगळा करा. नेहमीची रिळं एवढी अरुंद होत नाहीत, १६ मिमीचं रीळ आधी मिळवा आणि मगच रोल भरा. एवढ्या लहान निगेटिव्हवर कण लगेच डोळ्यांवर येतो, तेव्हा ११० साठी रोडिनालपेक्षा आयडी-११ च वापरा.